कार्ड गेलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं काढणं हे माझं काम. मुरबाडच्या प्रणितने मला कल्याणच्या एका दुकानातून वापरलेलंच आणलं. ड्युटी सुटली की तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. अवघड वळण नीट निघालं की म्हणायचा, "वा रे पठ्ठ्या!" ती शाबासकी मी आपलीच समजत असे.

मग कंपनीत प्रेस मशीनखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. कॉम्प्युटर बंद राहिला. माझ्या पंख्यावर धूळ बसली. मला काही वाटत नव्हतं. प्रणितलाही वाटत नसावं. तो खाटेवर बसून असे. पाण्याचा तांब्या उचलायला गेला, तरी त्याची बायको निशिगंधा म्हणे, "तुमी बसा, मी देते." तो बसे.

एका रविवारी त्याचा धाकटा भाऊ दीपेश आला. हार्ड डिस्क खराब झाली होती. त्याने नवी बसवली, तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि स्वतःचं एक, प्रणितसाठी वेगळं अशी दोन खाती उघडली. प्रणितच्या खात्यातून गेम लावला, तर गाडी अडखळत चालू लागली. चित्रांचं काम माझ्याकडे येतच नव्हतं. सगळं ओझं एकटा प्रोसेसर ओढत होता.

"कार्ड गेलं, दादा. भंगारात देऊ."

"दे," प्रणित म्हणाला.

मला काढण्याआधी दीपेशने स्वतःच्या खात्यातून गेम लावून बघितला. गाडी सुसाट सुटली. तो बघतच राहिला.

प्रणित खाटेवरून उठला. डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत त्याने दोन्ही खात्यांची माहिती पडद्यावर आणली.

"कार्ड नाय गेलं रे. व्हिडिओच्या गटात तुझं नाव हाय, माझं नाय. मला कार्ड वापरायची परवानगीच नाय."

"थांब, मी करतो. तू बस."

"तू फक्त पासवर्ड टाक. बाकी मी करतो."

त्याने आपलं नाव गटात घातलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. काम माझ्याकडे आलं. पहिल्याच वळणावर त्याची गाडी कठड्यावर आदळली.

"ऱ्हाऊ द्या आता," निशिगंधा म्हणाली.

"थांब गो."

तो हसला नाही. गाडी पुन्हा आदळली. त्याने ती पुन्हा सुरू केली.

मित्रांनो, कुणी कामातून गेलं असं म्हणण्याआधी, त्याला काम करू दिलंय का, तेवढं बघत जा.