रस्त्यावरचा थर

आनंदाला जाऊन नऊ वर्षं होत आली, तरी भामा रोज सकाळी कुंकू लावत होती. कामोठ्यातल्या बायका आधी मागून बोलायच्या, मग तोंडावर बोलू लागल्या. भामा उत्तर देत नसे. मिठागरातून घरी यायची, चूल पेटवायची, आणि दिराला वाढायची.

दीर म्हणजे तुळशीराम, आनंदाचा धाकटा भाऊ. दुसऱ्या मोठ्या लढाईत दोघे भाऊ एकाच बोटीवर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा ओढायचं काम. बोट लंडनला लागली तेव्हा खलाशांची सोय गोदीजवळच्या एका जुन्या घरात केली होती. एका संध्याकाळी विमानहल्ल्याचा भोंगा वाजला. तुळशीराम पाव आणायला बाहेर गेला होता. आनंदा बाकीच्यांबरोबर तळघरात उतरला. तुळशीराम परतला तेव्हा तिथं घर नव्हतं, गल्लीही नव्हती.

त्यानं हातानं विटा उपसल्या. शेजारची भिंत पडायला आली म्हणून शिपायांनी सगळ्यांना हटवलं, त्यालाही दंडाला धरून ओढत बाजूला नेलं. मग बोटीचा भोंगा झाला आणि त्याला जावं लागलं. आनंदा सापडला नव्हता.

गावी आल्यावर भामानं त्याला एकच विचारलं होतं, "तुमी त्यांना बगितला का?"

"नाय, वयनी. पण तिथं कोण वाचणार?"

"बगितला नाय ना? मंग मी कुंकू नाय पुसत."

पुढं जातवाल्यांनीच विषय काढला. भामानं तुळशीरामशी पाट लावावा, दुसरं लग्न करावं. वय आहे, घर एकच आहे, दीर सरळ आहे. तुळशीराम मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला नको होतं असं नाही. चुलीच्या वैलाजवळ वाकलेली भामा दिसली की तो ओसरीवर जाऊन बसायचा. पण ती म्हणाली, "माजा नवरा जिता असंल तर?" आणि बोलणं तिथंच थांबलं.

शेवटी एकोणपन्नास साली तिनंच त्याला म्हटलं, "भावजी, एक डाव जाऊन नीट हुडका. मना खरं काय ते आणून द्या."

तो पुन्हा बोटीवर चढला.

लंडनला त्याला ती जागा सापडली. तिथं मोठा खड्डा खणला होता. कडेनं दोऱ्या ताणल्या होत्या. खाली चारपाच माणसं गुडघ्यांवर बसून लहानशा कुंच्यांनी दगड झाडत होती. लहान मुलाच्या तोंडावरची धूळ पुसावी इतक्या हलक्या हातानं. तुळशीराम कठड्याला धरून उभा राहिला. इतकं जपून शोधताहेत म्हणजे माणसंच शोधत असणार.

एक चष्मेवाली बाई वर आली. त्याला बराच वेळ उभा पाहून तिनं त्याला खाली नेलं. खाली फरसबंद रस्ता होता. रोमन लोकांनी बांधलेला, ती म्हणाली, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. गाड्यांच्या चाकांनी दगडांत पडलेल्या चाकोऱ्या तिनं बोटानं दाखवल्या. एका पेटीत कापसावर चपलेचा तळ ठेवला होता, त्याला बारीक खिळे होते. हाडाची फणी होती. तिचे दोनच दात तुटले होते.

बोटीवर शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत तुळशीरामनं विचारलं, "आणि माझा भाऊ?"

तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. इथं वर घर होतं, घराखाली तळघर होतं, तळघरात माणसं होती.

बाईनं चष्मा काढला. "आम्ही लढाईनंतर आलो," ती हळू म्हणाली. "त्याआधीच वरचा सगळा थर लॉऱ्यांनी उचलून नेला होता. विटा, लाकडं, माती, सगळं. शहराबाहेर दलदल आहे, तिथं भराव टाकला असं ऐकलंय. मला फार वाईट वाटतं."

वर आल्यावर तिनं त्याला पेलाभर चहा दिला. तो त्यानं कठड्यावर तसाच ठेवला आणि चालू लागला.

मुंबईहून पनवेलच्या बंदराला उतरून तो घरी पोचला तेव्हा भामा ओसरीवर तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उभी राहिली. तुळशीरामनं वाटभर खोटं जुळवलं होतं. कबर आहे, फुलं वाहून आलो, असं. पण तिच्याकडं पाहिल्यावर त्याला खोटं बोलता येईना. त्यानं सगळं सांगितलं. रस्ता, चप्पल, फणी, लॉऱ्या.

तो थांबल्यावर भामा म्हणाली, "दोन हजार वरसांची फणी गावली. न माजा माणूस नाय गावला?"

"नाय."

"त्या लॉऱ्या कुठल्या अंगाला गेल्या?"

तुळशीराम ते विचारायचंच विसरला होता. त्या दलदलीपर्यंत जायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. लॉऱ्यांचं ऐकल्याबरोबर, त्या खड्ड्यात उभ्या उभ्याच, आता भामा मोकळी झाली एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

भामा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला ते दिसलं असावं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी भावाला हुडकाया गेला व्हता, का त्यो मेला त्ये हुडकाया?"

तुळशीराम ओसरीच्या पायरीवर बसला.

भामानं पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. मग सूप पुन्हा पुढ्यात ओढून तिनं राहिलेले तांदूळ निवडले, भात शिजवला, त्याला वाढला. स्वतः जेवली नाही. सकाळी लुगडी गाठोड्यात बांधून ती कोन गावी, माहेरी निघाली. तो वेशीपर्यंत मागोमाग गेला. ती वळून म्हणाली, "आता नका येऊ." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं.

वर्षभरानं कोनचा एक माणूस तुळशीराम काम करत होता त्या मिठागरावर आला. भामानं तिथल्या एका बिजवराशी पाट लावला, असं त्यानं सांगितलं.

"बरं झालं," तुळशीराम म्हणाला. त्यानं पाहुण्याला पाणी दिलं, वाटेला लावलं, आणि उन्हात मीठ ओढायला उभा राहिला. मिठानं हातांवरच्या चिरा झोंबत होत्या. त्यानं हात धुतले नाहीत.