पिंगीच्या पायाखालचा ठोकळा

मुख्याध्यापिकाबाई, आमच्या पिंगीला तुम्ही घाणेरडी म्हणालात आणि घरी पाठवलंत. पण तिचं पोट बिघडवलं ते तुमच्याच नियमाने. मधल्या सुट्टीशिवाय संडासला जायचं नाही, आणि सुट्टीत ही भलीमोठी रांग. पोरीने रोज दाबून धरलं.

मित्रांनो, मी एक जुना, बुटक्या पायांचा लाकडी ठोकळा आहे. सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला बनवलं. आजी माझ्यावर उभी राहून वरचे डबे काढायची आणि माझं कौतुक करायची. आजी गेली, मी मोरीच्या कोपऱ्यात गेलो. माझा एक पाय कुजला, कुणी पाहिलं नाही.

तिथून सगळं ऐकू यायचं.

"आठ वर्षांची घोडी आणि चड्डी भरवते," आत्या म्हणायची. "आळस, दुसरं काय."

"मला कळतच नाही गं आत्या."

बाबांनी पातळ डाग पाहिले, जुलाब समजून शी बांधायचं औषध दिलं. पोट नगाऱ्यासारखं झालं. तेव्हा कुठे आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

परत आल्यावर आई आत्याला म्हणाली, "वन्सं, जुलाब नव्हतेच. आत कडक खडा अडकलाय, त्याच्या कडेने पातळ झिरपतं. आतडं ताणून सैल पडलंय, म्हणून तिला कळत नाही. आपण औषध देऊन तो आणखी घट्ट केला."

आत्याने स्वतः उठून ते शी बांधायचं औषध फेकून दिलं. हे नवलच.

आधी खडा मोकळा करायचं औषध झालं. आता शी मऊ ठेवणारी पूड रोज पाण्यातून, आणि ती कित्येक महिने. जेवण झालं की कमोडवर बसायचं, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. बाबांनी मला घासून धुतलं, नवा पाय बसवला. "ठोकळ्याला बढती," ते म्हणाले.

पिंगी माझ्यावर पाय टेकून बसू लागली. एके दुपारी खेळ टाकून धावत आली. बाहेर पडल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, आज मला कळलं."

मित्रांनो, शी दाबून धरू नका. शेजारी बसलेल्याच्या कपड्यांना वास आला तर हसू नका.

आता फक्त एकच अडचण उरली आहे. कळ आली की तिने लगेच जायला हवं, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आई तुम्हाला भेटायला आली, बाई. तुम्ही म्हणालात, "एकीला सोडलं तर सगळ्याच हात वर करतील. बघू."

सोमवारी पिंगी वर्गात असेल. मी तिथे नसेन. तिने हात वर केला तर जाऊ देणार की नाही? बघू नका, सांगा.