कोंबड्याखालची फुली

१९०८च्या ऑक्टोबरअखेरीस, अमेरिकेच्या मक्याच्या मुलखात, राज्याच्या खजिनदारपदाचा उमेदवार अल्वा टीग शनिवारी सकाळी मेला. दुपारी पक्षाचा जिल्हाप्रमुख क्रल दारात हजर. सोबत बर्फाची गाडी.

"मिसेस टीग, मतदान मंगळवारी," तो हॅट न काढताच म्हणाला. "मतपत्रिका छापून झाल्यात. मेलेल्याला कोण मत देणार? तोवर त्याला तळघरात ठेवू. बुधवारी बँड लावून पुरू."

ओर्फाने बर्फाच्या गाडीकडे पाहिलं. तो तिचा नवरा होता, डुकराची तंगडी नव्हे. शिवाय तिला पक्कं ठाऊक होतं, मेलेला अल्वा निवडून आला तर राज्यपाल त्याच्या जागी क्रललाच बसवणार. खजिन्याची किल्ली या माणसाच्या हाती पडू नये म्हणून तर अल्वा उभा राहिला होता.

तिने दाराला काळं कापड बांधलं. गावाला कळायला तेवढं पुरे होतं.

रविवारी अल्वाच्या दफनाला चर्चच्या आवारात सगळं गाव लोटलं. थडग्यापाशी ओर्फाने स्पष्टच सांगितलं, "त्याला मत देऊ नका. दिलंत तर ते क्रलला जाईल. मी बाई, मला मत नाही, तुम्हाला आहे." पुरुषांनी माना डोलावल्या, डोळे पुसले आणि तिच्या घरी येऊन पोटभर हॅम खाल्लं.

मंगळवारी अल्वा दणदणीत मताधिक्याने निवडून आला; गावानेही त्यालाच मत दिलं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी दारू पाजली नव्हती. त्याचीच तिला जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिचा सख्खा भाऊ जोथम जेवायला आला. तिने विचारलं, "तूसुद्धा?"

"हे बघ, वेगळं मत द्यायचं तर एकेका नावापुढे फुली मारत बसावं लागतं. वर पक्षाचं चिन्ह, कोंबडा असतो, त्याच्याखाली एक मारली की पक्षाच्या सगळ्यांना मत जातं. बाबांनी जन्मभर तिथेच मारली. आता एका माणसापायी घराण्याची रीत मोडू होय?"

"मी सांगितलं होतं, जोथम."

"ऐकलं की. रडलोसुद्धा."

एवढ्यात क्रल आत आला. आज हॅट काढून. "मिसेस टीग, चूक माझीच," तो खुर्ची ओढत म्हणाला. "गावाला मी ओळखलंच नव्हतं. पुढच्या खेपेलाही अल्वालाच उभा करू. बिचारा भाषण करत नाही, काही मागत नाही."

आणि जोथम हसला.

ओर्फाने भावाच्या पुढ्यातली भरली ताटली उचलली आणि दोघांनाही दाराबाहेर काढलं.