साहेबांची भूक

प्रदर्शनाला तेहतीस दिवस उरले आणि साहेबांनी जेवण सोडलं.

साहेब म्हणजे बैल. तीन वर्षांचा, तांबूस, पाठ टेबलासारखी सपाट. हे नाव वहिनीने ठेवलं होतं, कारण त्याच्या डोक्यावर पंखा होता, पायाखाली रबरी गादी होती, आंघोळीला कोमट पाणी होतं आणि घरातली माणसं दिवसभर त्याच्या पुढे-पुढे करत होती. त्यातली निम्म्याहून जास्त धावपळ आत्याची.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. दादाची मुलं लहानपणी तिला आत्या म्हणायची. मुलं मोठी होऊन शहरात गेली आणि नाव तेवढं मागे राहिलं. आता दादा-वहिनीही तिला आत्याच म्हणत. तिचं लग्न झालं नव्हतं. बावन्न वर्षांची झाली तरी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायची, जनावरांचं सगळं बघायची, आणि आपण या घरात कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही याची काळजी घ्यायची.

साहेब दोन घास घ्यायचा आणि मान फिरवायचा. दाण्याचा भरडा तसाच पडून आंबायचा. आत्याने गव्हाण घासून घासून आरशासारखी केली. दिवसातून दोनदा द्यायचं ते पाच वेळा थोडं थोडं दिलं. वैरणीवर उसाची मळी शिंपडली, पाणी तासातासाला बदललं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तोंड उघडून दात पाहिले, पोटाला कान लावला, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की आजार काही नाही, साहेबांचं पोट भरलंय आणि मन विटलंय. काट्यावर उभं केलं तर आठवड्यात अकरा किलो उतरलेला.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला कारण होतं त्याचा मेहुणा. वहिनीचा हा सख्खा भाऊ वजनदार बैलांच्या त्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिला येत होता. तिन्ही कप त्याने बैठकीच्या खोलीत मांडले होते, आणि दादा गेला की नेमकं त्याला कपांसमोरच्या खुर्चीत बसवायचा. चहा देताना विचारायचा, "यंदा कितवे येणार, भाऊजी?" यावर वहिनी भावाच्या बाजूने हसायची. घरी परतताना दादा गाडीत एक शब्द बोलायचा नाही. घरी आल्यावर मात्र कशावरून तरी आत्यावर खेकसायचा.

औषध सापडलं ते आत्यालाच, तेही चुकून.

तिची एक गाय होती, बुटकी. बुटकीची आई वेतातच गेली, तेव्हा आत्याने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. आता बुटकी चौदा वर्षांची होती. दोन वर्षांपासून दूध देत नव्हती. दादा तिला विकायचं म्हणायचा आणि आत्या दरवेळी काही ना काही निमित्त काढायची. बुटकीला दावंही लागायचं नाही, आत्या जिथे जाईल तिथे ती मागून कुत्र्यासारखी यायची. त्या दिवशी ती आत्याच्या मागोमाग साहेबाच्या गोठ्यात शिरली आणि तिने सरळ त्याच्या गव्हाणीत तोंड घातलं. साहेबाने मान खाली करून तिला अशी धडक दिली की ती भिंतीवर आपटली. मग त्याने एका दमात सगळी गव्हाण साफ केली.

आत्या धावतच घरात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे दादाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. दादाने ऐकलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुला डोकं आहे गं." ते वाक्य तिने दिवसभर मनात घोळवलं.

दुसऱ्या दिवसापासून बुटकीला साहेबाशेजारी बांधायला लागले. दोन दिवस साहेब अधाशासारखा जेवला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ही म्हातारी नुसतीच उभी राहून रवंथ करते, तिला आपल्या ताटाशी देणंघेणं नाही. त्याने पुन्हा मान फिरवली.

दादा स्टुलावर बसून बराच वेळ दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिचं पोट भरलेलं आहे, म्हणून तो खात नाही. हिची वैरण बंद कर."

आत्याला आधी वाटलं, एका वेळची म्हणतोय. पण दादाने स्वतः दाव्याचं माप घेतलं. बुटकीने जीव खाऊन मान ताणली तरी जीभ गव्हाणीच्या हातभर अलीकडे राहील असं. पाणी द्यायचं. जगण्यापुरतं वाळलं गवत, सकाळी एक मूठ. बस्स.

उपासाच्या चौथ्या दिवशी बुटकी दाव्याला ओढ घ्यायला लागली. भरड्याचा वास आला की ती गळ्याचा फास होईपर्यंत पुढे रेटायची, डोळे बाहेर यायचे, जीभ हवेत वळवळायची. साहेब तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत खायचा. गव्हाण चाटूनपुसून झाली तरी जागचा हलायचा नाही, तिला दिसेल असा उभा राहायचा. रोज दीड किलोने वाढायला लागला. दादा गोठ्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचा आणि मधूनच त्या दोघांकडे बघून खूश व्हायचा.

आठव्या दिवशी आत्याला राहवलं नाही. दुपारी दादा आडवा झाला की ती पदराखाली हिरवा चारा न्यायला लागली. बुटकी तिच्या हातातून खायची आणि नंतर हात चाटत राहायची. सलग तीन दुपारी हे चाललं. चौथ्या सकाळी बुटकी ओढ घेईना, साहेब अर्ध्यावर थांबला. दादा खुर्चीतून उठला. त्याने बुटकीच्या तोंडात बोटं घातली आणि दाढेत अडकलेलं हिरवं पातं बाहेर काढलं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर वहिनीने तीन ताटं घेतली. दादाने त्यातलं एक उचलून परत मांडणीवर ठेवलं. आवाज चढवला नाही, राग दाखवला नाही.

"आत्या बुटकीबरोबर जेवेल," तो म्हणाला. "बुटकी प्रदर्शनानंतर जेवणार आहे."

वहिनीला वाटलं, थट्टा चाललीय. ती हसली. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून आपला घास कालवायला लागली. आत्याने दोघांना वाढलं. भाजी संपली तेव्हा पुन्हा उठून आणली. पाणी दिलं. ताटं धुतली. स्वयंपाकघराला कुलूप लागायला लागलं आणि किल्ली दादाच्या खिशात गेली.

पहिला दिवस तिने रागावर काढला. दुसऱ्या दिवशी रागही पुरेना. गोठ्यात भरडा कालवताना मळीचा गोड वास आला आणि तिने इकडेतिकडे बघून एक मूठ तोंडात कोंबली. कोंडा घशात अडकला, खोकला आला. समोर बुटकी बघत होती. आत्या जवळ आली म्हणजे आता काहीतरी मिळणार, अशा खात्रीने तिने मान पुढे केली, अंग ताणलं, दावं करकरलं.

आत्याच्या मनात त्या क्षणी जे आलं त्याची तिला नंतरही धड लाज वाटली नाही. तिला बुटकीचा संताप आला. हिच्यामुळे. हिला तेवढी जीभ आवरता आली नाही, दाढेत पातं ठेवलं, म्हणून. तिने हातातली बादली बुटकीच्या तोंडावर मारली. बुटकी मागे सरली आणि लगेच पुन्हा पुढे आली. साहेबाने ते पाहिलं आणि तो जोरात खायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दादाला सांगितलं की यापुढे तिच्याकडून चूक होणार नाही. एवढंच नाही, तिने एक गोष्ट हेरली होती तीही सांगितली. ती समोर उभी असली की बुटकी जास्त ओढते, दुसरं कोणी असलं तर लवकर थकते. तेव्हा साहेबाच्या पाचही जेवणांना ती स्वतः गव्हाणीशी उभी राहील, हातात चारा धरून.

दादाने खिशातून किल्ली काढून वहिनीकडे दिली. त्या दुपारी आत्याला गरम गरम वाढलं. वहिनीने आग्रह केला, दादाने स्वतःच्या ताटातली बटाट्याची मोठी फोड तिच्या ताटात टाकली. म्हणाला, "घरात एक तरी माणूस कामाचं आहे." आत्या जेवली. पोट दुखेपर्यंत जेवली.

पुढचे आठ दिवस तिने काम चोख केलं. चारा हातात धरून ती बुटकीला नावाने हाक मारायची, बुटकी वासरू असताना बाटली दाखवून हाक द्यायची तशीच. बुटकी यायची, दाव्याला लटकायची, मानेची कातडी सोलून निघाली होती. तिच्या फासळ्या दारातून मोजता येत होत्या. प्रदर्शनासाठी साहेबाच्या तब्येतीचा दाखला द्यायला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी बुटकीकडे पाहून विचारलं, हिला काय झालंय. आत्याच पुढे होऊन म्हणाली, "वय झालंय."

साहेब पहिला आला. पंचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या बैलाकडे बघितलंही नाही. मेहुणा टाळ्या वाजवत होता आणि त्याचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. दादाने फोटोत आत्याला शेजारी उभं केलं, लोकांना सांगितलं की ही सगळी करामत माझ्या बहिणीची. त्याच आवारात संध्याकाळी लिलाव झाला. मांसाच्या कंपनीने साहेबाला घेतलं. गळ्यातल्या बक्षिसाच्या फितीसकट तो ट्रकमध्ये चढला. चढताना शेजारचा बैल पुढे घुसला म्हणून त्याला साहेबाने धडक मारली.

घरी आल्या आल्या आत्या कपडे न बदलता गोठ्यात गेली. साहेबाचा दीड पोतं भरडा उरला होता. तिने बुटकीचं दावं सोडलं आणि सगळा भरडा तिच्यापुढे ओतला. वर मळी ओतली. बुटकीने आत कान बुडेपर्यंत तोंड घातलं. आत्या शेजारी बसून तिची पाठ खाजवत राहिली.

सकाळी बुटकीचं पोट ढोलासारखं फुगलं होतं, चारी पाय ताठ. डॉक्टर आले तेव्हा ती शेवटचं कण्हत होती. गव्हाणीच्या तळाशी उरलेला भरडा बघून ते चिडले. उपाशी जनावराला एकदम दाणा घातला की असंच होतं, हे गोठ्यात जन्म गेलेल्या बाईला कळू नये?

"माहीत होतं," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग बॅग बंद केली आणि हात धुवायला पाणी मागितलं. दादाने मेलेली जनावरं ओढून नेणाऱ्या माणसांना फोन केला. वहिनीने आत्याला चहा आणून दिला, आणि तो तिने प्यायला.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या महिनाभर आधी मेहुणा मिठाईचा डबा घेऊन आला. त्याचा बैल खात नव्हता. दादाने आधी चांगले आढेवेढे घेतले, मेहुण्याला हातापाया पडायला लावलं आणि मग आत्याला महिनाभर पाठवायला तयार झाला. मेहुण्याच्या घरी तिला स्वतंत्र खोली मिळणार होती, खिडकीची. त्याने अदबीने विचारलं, आणखी काय काय लागेल.

"एक म्हातारी गाय लागेल," आत्या म्हणाली. "घरात वाढलेली. कोणीतरी लाड केलेली. बाजारातली नको, ती फार आशा धरत नाही."

मेहुण्याने ते नीट ऐकून घेतलं आणि तिथूनच घरी फोन लावून बायकोला सांगितलं की तुझी ती पांढरी मागच्या अंगणात बांधून ठेव.