सोनाबाईंच्या अंगावरचा निळा झगा

मी एक झगा आहे. निळा, पायघोळ. दहिवलीच्या एका गोदामात प्लास्टिकच्या खोक्यात घडी होऊन पडलो आहे. माझ्या वर-खाली आणखी झगे आहेत. आम्ही सगळे टीव्हीवर झळकलेले. एकदाच.

कर्जतजवळच्या स्टुडिओत फॅशन डिझाइनची स्पर्धा चालली होती. खालापूरची समीक्षा अंतिम फेरीपासून एका पावलावर होती. तिला ती फेरी गाठायचीच होती. शिळफाट्याला आईच्या दुकानात जन्मभर फॉल-पिको करायचं नाही, स्वतःच्या नावाचे कपडे करायचे, हे तिनं कधीचंच ठरवलं होतं.

मागच्या फेरीत परीक्षकांनी तिचा ड्रेस उलटा केला. "आत एवढं कापड? वाढत्या अंगाचे फ्रॉक शिवतेस का?" सगळे हसले.

शिवणीच्या आत राखलेल्या या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. पुढे कपडा सैल करायचा झाला, तर ती उपयोगी पडते. समीक्षाच्या घरी मायेशिवाय कात्री चालत नाही. पण ते हसणं तिला लागलं होतं. मला शिवून होताच तिनं आतली माया काठापर्यंत कापून टाकली. मी मॉडेलच्या अंगाबरोबर झालो. कात्रणं केरात गेली.

शेजारच्या टेबलावर यज्ञेश होता. चित्र असं काढायचा की कागदावरचं कापड हलतंय असं वाटावं. पण शिवायचा त्याला कंटाळा. ग्लू-गननं चिकटवायचा.

"आत कोण बघतंय समी? बाहेरून चमकलं पाहिजे."

"आणि मॉडेल बसली की टर्रकन?"

"बसायचं नाहीच तिनं!"

मग आयत्या वेळी जाहीर झालं, की मॉडेल नाहीत. घरच्या माणसानं झगा घालून चालायचं. दार उघडलं आणि समीक्षाची आई, सोनाबाई, आत आल्या.

"अगं बया, ह्यो मला? मी काय काडी हाय?"

त्यांनी मला चढवलं. पाठीची चेन मिटेना. सवयीनं त्यांची बोटं माझ्या बाजूच्या शिवणीत गेली आणि तिथेच थांबली.

"माया कुठंय गं?"

समीक्षानं टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"कापलीस?"

"हो."

एक सहायक धावत आला. "काकू, पाठ उघडी राहू दे. पिना मारतो. कॅमेरा पुढूनच आहे." यज्ञेशच्या आईला तर टेपनं बांधलं होतं. त्या श्वास धरून उभ्या होत्या.

"मार रं पिना," सोनाबाई म्हणाल्या. "मी नाय वळायची मागं. पोरगी पुढं गेली म्हंजी झालं."

"नाही आई," समीक्षा म्हणाली. "तू पाठ लपवत चालायचं नाही."

तिनं स्टुडिओतल्या तिच्या कपाटातून आपला जुना जांभळा कुडता काढला. आईनंच शिवलेला, धुऊन धुऊन विटलेला. त्याच्या बाजू उसवल्या. आतली माया मात्र नव्यासारखी गर्द होती. ऊन तिथवर पोचलंच नव्हतं. तिनं त्या मायेसकट पट्ट्या कापल्या, मला दोन्ही बाजूंनी उसवलं आणि त्या माझ्यात जोडल्या. मायलेकी शेजारी बसून टाचत होत्या. खालची दुमड घालायच्या आत वेळ संपली.

सोनाबाई चालल्या. टोकाशी गेल्या आणि कुणी सांगितलं नसताना सावकाश वळल्या. पाठ सगळ्यांना दिसली. नीट झाकलेली, ताठ.

"जोड दिसतो. काम अपुरं," परीक्षक म्हणाले. समीक्षा बाहेर पडली. यज्ञेश पुढे गेला.

नियमाप्रमाणे आम्ही झगे वाहिनीकडे राहिलो. यज्ञेशचा झगा माझ्याखालीच आहे. उन्हाळ्यात गोदाम तापलं, तेव्हा तो सांध्यासांध्यात उकलला. बिचाऱ्याचं रूप फार देखणं होतं हो. कुणी त्याला दोन टाके घातले असते तर!

हे खोकं कधीतरी कुणीतरी उघडेल. तुम्ही असाल, तर मला तेवढं काचेत टांगू नका. कुणाला तरी घाला. घट्ट झालो, तर बाजूला चाचपून पाहा. त्या घाईतही समीक्षानं जांभळ्या पट्ट्यांच्या आत बोटभर माया ठेवली आहे.