निळ्या नऊवारीची नदी

“नदीच काढून टाकायची होती, तर माझ्याकडून अख्ख्या नऊवारीला इस्त्री कशाला करून घेतली म्हणते मी!”

दिपाली कुजबुजत होती. पण दिपालीची कुजबूज म्हणजे इतरांचं चारचौघांतलं बोलणं. पडद्याच्या अलीकडे विभा अंबाड्यात आकडे खोचत उभी होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

“हळू गं बाई,” स्वप्नाताई म्हणाल्या, “विभा पलीकडेच आहे.”

मग सगळं चिडीचूप. या शांततेची विभाला आता सवय झाली होती. ती कुठेही गेली की ही तिच्या आधी पोचून बसलेली असायची.

जपानातल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची तालीम होती. स्वप्नाताईंनी कुठूनशी एक जुनी कादंबरी पैदा केली होती. आपल्या पणज्यांनी पदराने डोळे पुसत वाचलेली. त्या काळी अशी गाजलेली कादंबरी नाटक कंपन्या रंगभूमीवर आणायच्या. मिशी काढलेला बाप्या आई व्हायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून हलवलेलं लुगडं नदी व्हायचं. तसंच करायचं, असं ठरलं. फक्त मिशी काढायला मंडळातला एकही पुरुष तयार होईना.

गोष्ट साधी होती. पोरीला घेऊन माहेरी निघालेली आई, पूर आलेली नदी, उलटलेली नाव. आई वाचते. काठावर नावाड्याला विचारते, “माझी पोर कुठंय?” आणि तो म्हणतो, “बाई, पोर गेली.”

विभाने आपणहून फोन केला होता. “आईचं काम मी करते.” सगळ्यांना बरं वाटलं. पोरगी माणसांत आली म्हणाले. का करायचंय, हे कुणी विचारलं नाही. तिला तो एक प्रश्न मोठ्याने विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर ऐकायचं होतं. बास.

विभाची तन्वी दुसरीत होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. तेव्हापासून बायका विभासमोर आपल्या पोरांना हाकसुद्धा हळू मारायच्या. नवऱ्याने, सारंगने, घर बदलून शेजारच्या उरायासुला नेलं. “ऑफिस जवळ पडतं,” म्हणाला. पडत नव्हतं. जुन्या बाल्कनीतून शाळेचं फाटक दिसायचं, एवढंच. त्याने तेव्हापासून लेकीचं नाव घेतलं नव्हतं. घरात दोघं भाजीबद्दल बोलायची, कचऱ्याच्या वारांबद्दल बोलायची. प्लास्टिक कधी, काच कधी, याबाबतीत त्यांचं फार छान जमायचं.

विभाने पडदा बाजूला सारला. “नदी कुणी काढली, स्वप्नाताई?”

“अगं, जुन्या कंपन्याही असंच करायच्या. कादंबरी वाचताना लोक एकदा रडलेले. पुन्हा तिकीट काढून कोण रडणार? मग कादंबरीत मेलेलं माणूस नाटकात साधूच्या झोपडीत ठणठणीत सापडायचं. लोक खूश होऊन घरी.”

“हे तुम्हीच सांगितलं होतंत. आणि आपण तसं करायचं नाही, हेही तुम्हीच म्हणाला होतात.”

स्वप्नाताईंनी सारंगकडे पाहिलं. माणसं कमी पडली म्हणून त्याला नावाडी केला होता. वल्हं म्हणून बाल्कनीतली कपडे वाळत घालायची काठी आणली होती. तिच्यावरचं किमतीचं स्टिकर तो नखाने खरवडत होता.

“मीच म्हटलं काढा,” तो म्हणाला. “दिवाळी आहे. लोक मुलांना घेऊन येतात.”

“लोकांचं राहू दे. तुला एकच वाक्य आहे, सारंग.”

“म्हणूनच,” तो काठीकडे बघत म्हणाला.

विभा दिपालीकडे वळली. मग म्हणाली, “दिपाली, उलगड ती साडी. इस्त्री वाया नको जायला.”

दिपालीने एक टोक धरलं, स्वप्नाताईंनी दुसरं. निळी नऊवारी हॉलभर लाटा मारू लागली. तेवढ्यात बाहेर वॉर्डाच्या भोंग्यांवर पाचची धून सुरू झाली, मुलांनो, घरी चला, सांगणारी. रोज वाजते. पण दिपालीचे हात थांबले. तन्वी त्या धुनेवर जिना चढायची, हे तिच्या शेजारी राहिलेल्या दिपालीला ठाऊक होतं.

“हलव गं,” विभा म्हणाली. “तळं झालं नदीचं.”

नदी पुन्हा वाहू लागली. विभा काठावर गुडघे टेकून बसली. तिने पाठ केलेला आवाज काढला होता, पण तो मध्येच तिचा स्वतःचाच झाला.

“नावाडीदादा, माझी पोर कुठंय?”

नव्या संहितेत पूर नव्हता, नाव उलटत नव्हती; उत्तर होतं, ‘बाई, पोर सुखरूप आहे.’ सारंगने तोंड उघडलं. मिटलं. बाहेरची धून संपली.

“कुठंय?” विभाने पुन्हा विचारलं.

त्याने काठी खाली ठेवली. दिपालीच्या इस्त्रीवर पाय देत तो सरळ नदीतून आला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला.

“गेली,” तो म्हणाला. “विभा, आपली तन्वी गेली गं.”