टोर्केलच्या फोनमधली चावी

लॅपटॉप छातीशी धरून इल्वाने बोटक्लबचं फाटक खांद्याने ढकललं, तेव्हा अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. बाराच्या आत तिला घराचा होकार कळवायचा होता. एक मिनिट उशीर झाला की घर रांगेतल्या पुढच्या माणसाचं.

आवारात ऑक्टोबरची धांदल चालली होती. क्रेन एकेक बोट तळ्यातून उचलून हिवाळ्यासाठी जमिनीवर ठेवत होती. टोर्केल, तिचा नवरा, आपल्या बोटीखाली उताणा पडून बुडाचा जुना रंग पॉलिशपेपरने घासत होता. भुवयांपासून दाढीपर्यंत सगळा निळ्या भुकटीने माखला होता.

"तुझा फोन दे जरा," ती म्हणाली.

"आत्ता? काय झालं?"

"लॉगिन करायचंय."

चूक तीन वर्षांपूर्वीची होती. भाड्याची घरं नंबराने देणाऱ्या शहराच्या रांगेने पासवर्ड बंद करून पासकी, म्हणजे फोनमध्येच राहणारी आणि बोटाच्या ठशाने लागणारी चावी, आणली; त्या आठवड्यात इल्वाचा फोन नेमका दुरुस्तीला गेलेला. "माझ्या फोनवर करून टाक ना," टोर्केल म्हणाला होता, "तुझा काय नि माझा काय!" आणि तिनेही केली. आज सकाळपासून तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं, स्वतःच्या फोनवर करून पाहिलं, लायब्ररीत जाऊन आली. सगळीकडे तोच काळापांढरा चौकोन: ज्या फोनमध्ये चावी आहे, तो जवळ आणा. चौकोनाचा फोटो काढून टोर्केलला पाठवण्यातही अर्थ नव्हता. फोन आणि लॅपटॉप शेजारीशेजारी असावे लागत. रांगेच्या कचेरीतली बाई फोनवर फार गोड बोलली. नवी चावी करायचा कोड पोस्टाने येईल, पाच दिवसांत. त्या गोडपणाने इल्वाचं डोकं आणखीच फिरलं.

तिचं नाव त्या रांगेत आईने घातलं होतं, अठरावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. रांगेत जितके दिवस जास्त, तितका नंबर वर. पुढे लग्न झालं, स्वतःचं घर झालं, पण साठलेले दिवस कोण सोडतं? दर सप्टेंबरला एकदा लॉगिन केलं की झालं; नाही केलं तर सगळे दिवस शून्यावर. गेली तीन वर्षं टोर्केल कॉफी पिता पिता, वर्तमानपत्रातून मान वर न करता, फोनवर अंगठा टेकवायचा आणि म्हणायचा, "घे, वाचवले तुझे दिवस." या सप्टेंबरलाही म्हणाला. फक्त या वेळी तो पत्रपेटी बघायला बाहेर गेला, तेव्हा तिने पान बंद केलं नाही. साडेसात हजार दिवस पणाला लावून तिने एका घरासाठी अर्ज भरला.

भांडण असं काही नव्हतं. भांडायचासुद्धा दोघांना कंटाळा आला होता, आणि तिला त्या कंटाळ्याचीच भीती वाटायला लागली होती.

टोर्केल रांगत बाहेर आला. तिने लॅपटॉप पिंपावर उघडला. त्याने फोन चौकोनासमोर धरला. पडद्यावर रांगेचं नाव उमटलं, खाली तिचं.

"हे तर सप्टेंबरमध्येच केलं की आपण."

"हो."

त्याने अंगठा टेकवला. फोन थरथरला. ओळख पटली नाही. पुन्हा टेकवला. नाही.

"सकाळपासून घासतोय," तो अंगठ्याकडे बघत म्हणाला. "रेषाच राहिल्या नसतील."

"मग आकडा टाक."

"तो कुठे लक्षात राहतो मला! घरी कपाटाच्या दारावर चिकटवलाय."

क्रेनवरून हास्से ओरडला, "काय रे टोर्केल, बायको आली म्हणून सुट्टी का? बाराला पुढची बोट वर काढायचीय, ती धरायला माणूस पाहिजे मला!"

"आलोच!" टोर्केल म्हणाला, पण हलला नाही. अकरा एक्कावन्न. "घर मिळालंय तुला?"

"बारापर्यंत हो म्हटलं तर."

"किती खोल्या?"

चुलत बहिणीसाठी बघतेय, असं सांगता आलं असतं. वाटेत तिने ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. पण त्याच्या भुवयांवरची ती निळी भुकटी बघून तिला खोटं बोलवेना.

"एक," ती म्हणाली.

टोर्केलने मान हलवली. फोन लॅपटॉपवर ठेवला आणि चालू लागला, क्रेनच्या दिशेने. इल्वाला हाक मारावीशी वाटली, पण कोणत्या तोंडाने मारायची? अकरा चोपन्न.

क्रेनच्या अलीकडे नळ होता. तिथे तो थांबला. साबणाची वडी घेऊन एकच अंगठा चोळत राहिला, नखाशी, पेराशी, पुन्हा नखाशी, गार पाण्याखाली, कसलीही घाई नसल्यासारखा. मग सदरा वर करून आतल्या कोरड्या बनियनला अंगठा पुसत परत आला. चौकोनाची मुदत संपली होती. इल्वाने नवा मागवला. टोर्केलने अंगठ्यावर फुंकर मारली आणि टेकवला.

पान उघडलं. अकरा अठ्ठावन्नला हिरव्या अक्षरांत आलं: होकार नोंदवला.

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तितकीच लाज वाटली.

"झालं?"

"झालं."

"आता पान उघडं आहे तोवर तुझ्या फोनवर दुसरी चावी करून घे. नाहीतर दर वेळी मला शोधत यावं लागेल तुला."

तिने केली. तिचं बोट पहिल्याच वेळी लागलं. पडद्यावर आता दोन ओळी होत्या: टोर्केलचा फोन, इल्वाचा फोन. प्रत्येकीपुढे एक छोटी फुली.

"माझी काढून टाक," तो म्हणाला, आणि बाराची बोट धरायला गेला.

इल्वाने त्याच्या ओळीतल्या फुलीवर बाण नेऊन दाबला. खात्री आहे का, असं पानाने विचारलं. ती त्या प्रश्नाकडे बघत उभी राहिली. पलीकडे बोट साखळ्यांना लोंबकळत वर आली, पाणी गाळत, आणि टोर्केलने दोन्ही हातांनी तिचं टोक धरलं.

"काढलीस का गं?" त्याने तिथूनच विचारलं.

"काढली," इल्वा म्हणाली, आणि 'नाही'वर बोट दाबून तिने लॅपटॉप मिटला.